परक्या सागरी जाती: बॅलास्ट पाण्यावर प्रक्रिया केल्याने प्रश्न सुटेल का?

प्रश्न:
जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून परके जीव दूरच्या किनाऱ्यांवर पोहोचतात, आणि हे रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. या पाण्यावर प्रक्रिया झाली, की प्रसार थांबेल का? आधीच रुजलेल्या जातीचे काय करता येते?

प्रतिसाद १:
थांबणार नाही. शिंपले, बार्नेकल, शेवाळ असे कितीतरी जीव जहाजाच्या तळाला आणि समुद्राचे पाणी आत घेण्याच्या जाळ्यांआड चिकटून प्रवास करतात, आणि टाकीतल्या प्रक्रियेचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. शिवाय प्रत्येक जीवाला जहाज लागतेच असे नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातले शेकडो जीव भूमध्य समुद्रात शिरले असून, त्यांत जाळी कुरतडणारा एक विषारी फुग्या मासाही आहे.

प्रतिसाद २:
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. सारे काही जीव किती लवकर दिसतो आणि जागा कितपत बंदिस्त आहे यावर ठरते. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे मरिनांमध्ये, म्हणजे होड्या लावण्याच्या गोद्यांमध्ये, काळ्या पट्ट्यांचा परका शिंपला आढळला, तेव्हा तेथे भरती-ओहोटीसाठी दरवाजे असल्यामुळे ते बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडता आले, आणि शिंपला समूळ नष्ट झाला. अर्थात, त्या पाण्यातले इतर जीवही वाचले नाहीत. याउलट मोनॅकोजवळ १९८४ मध्ये कॉलर्पा हे शेवाळ जेमतेम एक चौरस मीटरभर दिसले होते. तेव्हा हालचाल झाली नाही आणि पुढे ते हजारो हेक्टरांवर पसरले. ते उपटणेही जोखमीचे, कारण तुटलेल्या तुकड्यातूनही ते पुन्हा वाढते.

प्रश्नकर्ता:
मग परक्या जातीवर तिचाच नैसर्गिक शत्रू सोडला तर?

प्रतिसाद १:
काळ्या समुद्रात तसे घडले, पण अपघाताने. १९८० च्या दशकात आलेल्या नेमिऑप्सिस या कंगवा-जेलीने (जेलीफिशसारखा मऊ सागरी जीव) प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, आणि माशांची अंडी फस्त केली, आणि अतिमासेमारीने आधीच खचलेली अँकोव्हीची मासेमारी कोसळली. पुढे १९९७ मध्ये तिलाच खाणारी बेरोए ही दुसरी परकी जेली तेथे आढळली आणि नेमिऑप्सिसची संख्या घटली. बेरोए जवळजवळ फक्त अशाच जेलींवर जगते, म्हणून हे निभावले. चौफेर खाणारा शत्रू मुद्दाम सोडणे मला तरी धोक्याचे वाटते.