विद्यापीठात शिकवलेली वर्षं हायकोर्टाच्या दहा वर्षांत धरतात का?

नवी_सनद: आमचं विद्यापीठ एका धार्मिक न्यासाचं, खासगी. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त न्यायमूर्ती म्हणाले की दहा वर्षं वकिली झाली की हायकोर्टाचा न्यायमूर्ती व्हायला पात्र. एलएलएम करून इथेच पूर्णवेळ प्राध्यापकी केली तर ती वर्षं मोजतात का? संस्था धार्मिक असल्याने काही अडतं का?

बाररूम_कोपरा: धार्मिक असण्याने काही अडत नाही, पूर्णवेळ पगाराने अडतं. घटनेच्या कलम 217 ला हायकोर्टाचा वकील म्हणून दहा वर्षं हवीत. बार कौन्सिलच्या नियम 49 नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवून कौन्सिलला कळवावं लागतं, आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला. मोजणी तिथेच थांबते. सनद घेतल्यानंतर न्यायिक पद, न्यायाधिकरणाचं सदस्यत्व किंवा कायद्याचं विशेष ज्ञान लागणारं सरकारी पद सांभाळलं असेल, तर कलम 217 च्या स्पष्टीकरणानुसार तो काळ धरतात. खासगी विद्यापीठाची नोकरी त्यात बसत नाही. ‘नामवंत विधिज्ञ’ (वकिलीची वर्षं न मोजता कायद्याचे जाणकार म्हणून नेमणूक) ही वाट 42 व्या घटनादुरुस्तीने हायकोर्टासाठी उघडली होती, 44 व्या दुरुस्तीने बंद केली. आता ती फक्त सुप्रीम कोर्टासाठी आहे.

नवी_सनद: मग शिकवायचंच नाही?

बाररूम_कोपरा: शिकवा की. 1979 चे विधी अध्यापनाचे नियम आहेत: संलग्न महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवून वकिली चालू ठेवता येते. नेमणूकपत्रात ‘अर्धवेळ’ शब्द आणि तासांचा आकडा लिहून घ्या, नुसतं ‘व्याख्याता’ लिहिलं की पुढे खुलासे करत बसावं लागतं.

फाईल_वाचक: दहा वर्षं म्हणजे फक्त उंबरठा. 2009 च्या महेशचंद्र गुप्ता निकालात कोर्टाने पात्रता आणि योग्यता वेगळ्या केल्या. पात्रता मोजता येते. योग्यता कॉलेजियम (न्यायमूर्ती निवडणारं ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ) ठरवतं, तिची कोर्टात तपासणी होत नाही. इथे अर्ज करायचा नसतो. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून नाव पाठवतात. मुख्यमंत्री व राज्यपालांच्या अभिप्रायाला सहा आठवडे, मग गुप्तचर विभागाची चौकशी, कायदा मंत्रालय, सरन्यायाधीश व दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम, शेवटी राष्ट्रपतींची सही. बहुतेकांची सुरुवात अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून होते, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. फाईल दिल्लीत रेंगाळते ही खरी अडचण: कॉलेजियमने नाव पुन्हा पाठवलं तर ते बंधनकारक, आणि त्यानंतर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक करावी असं सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलं, पण ती मुदत नेहमी पाळली जात नाही.

निकाल दिलेल्या प्रकरणांची यादी (आपण हजर होतो ते दाखवणाऱ्या निकालपत्रांसह) आणि आयकर विवरणपत्रं आजपासून जपा. विचारणा झाली की हेच मागतात.

जिल्हा_कोर्ट: दुसरी वाट विसरू नका. कलम 233 खाली सात वर्षांच्या वकिलीवर थेट जिल्हा न्यायाधीश, तिथून बढतीने हायकोर्ट. या वाटेला परीक्षा आहे, म्हणजे निदान तारीख तरी कळते.

फाईल_वाचक: आणि पुढच्या वेळी पाहुणे पदावर असलेले न्यायमूर्ती असतील तर प्रलंबित प्रकरणावर प्रश्न विचारू नका. 1997 च्या न्यायिक मूल्यांच्या ठरावानुसार अशा विषयावर त्यांनी जाहीर मत द्यायचं नसतं. कार्यपद्धतीवर विचारा, तिथे भरपूर मिळतं.