वस्तीवर डिझेल ठेवायला परवाना लागतो का? लवकर सांगा

ऊसवाला_मोहोळ: काल एक साहेब वस्तीवर आले. ‘डिझेलचा परवाना दाखवा, नाहीतर हलवा’ म्हणाले. पंप सोळा किलोमीटरवर. हार्वेस्टर रोज दोनशे लिटर पितोय, काल दुपारपासून फड बंद आहे आणि कारखान्याची वाहनं रिकामी उभी. शेतकऱ्याला सूट असते ना? नेमका नियम सांगा.

माढेकर: किती लिटर? कशात ठेवलंय? पेट्रोल पण आहे का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

बार्शीचा_बागायतदार: डिझेलचा नादच सोडा. मी विहिरीवर सोलर बसवलाय, तीन वर्षं झाली, एक रुपया खर्च नाही.

माढेकर: दादा, ते ऊस तोडायचं विचारतायत, पाणी उपसायचं नाही.

ऊसवाला_मोहोळ: दीड हजार लिटर असेल. फवारणी पंपासाठी पेट्रोलचा वीस लिटरचा पत्र्याचा एक कॅन आहे.

निवृत्त_भांडारपाल: शेतकरी म्हणून वेगळी सूट नाही, सूट साठ्याच्या प्रमाणावर आहे. पेट्रोलियम कायदा, 1934, कलम 7. इंधनाचे वर्ग ते किती लवकर पेट घेतं त्यावरून पडतात, डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी 2500 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण कुठलंही एक भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नको. पेट्रोल ‘अ’ वर्गात. ते विकायचं नसेल तर कलम 8 प्रमाणे 30 लिटरपर्यंत चालतं, धातूचा घट्ट बुचाचा डबा 25 लिटरपर्यंतचा. तुमचं डिझेल कशात आहे, ते अजून सांगितलं नाहीत.

ऊसवाला_मोहोळ: पाण्याची काळी टाकी. दोन हजारची.

निवृत्त_भांडारपाल: मग साहेबांचं बरोबर आहे. साठा बसतोय, टाकी बसत नाही. दोनशे लिटरच्या लोखंडी बॅरलमध्ये काढा. आणि शेजाऱ्याला एक कॅनसुद्धा विकू नका, विक्रीला पेट्रोल-डिझेल पुरवठ्याचा 2005 चा वेगळा सरकारी आदेश लागू होतो.

सांगोला_72: अमेरिकेत माझा भाचा आहे. तिथं प्रोपेन गॅसचा साठा 60,000 पौंडांवर गेला की सरकारला कळवावं लागायचं. तो कायदा 2023 च्या जुलैत संपला, खेड्यांना मोकळीक मिळाली. आपल्याकडे मात्र आठ बॅरलला त्रास!

पंढरपूरकर: मोकळीक कशाला मागता? मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या फडात पाचट पेटलं. डिझेलची टाकी बांधावरच होती. प्लास्टिक एका बाजूनं मेणासारखं खाली आलं, आम्ही पोरं घेऊन पळालो. ट्रॅक्टरनं मधे नांगर घातला म्हणून वस्ती वाचली. नियम हवाच.

सांगोला_72: पाचट पेटवणाऱ्याला धरा की मग. डिझेलचा काय दोष?

माढेकर: भांडू नका. मोहोळवाले, टाकी पाचटापासून किती लांब आहे?

ऊसवाला_मोहोळ: वीस पावलं असेल. आज संध्याकाळीच काढतो. आठ बॅरल आणि हातपंप लागेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आज चालू असलेलं कुठलं दुकान माहीत आहे का कुणाला?