पॉलिसायथेमिया व्हेरा : औषधांच्या जोडीला पूरक उपचार घ्यावेत का?

सावली
आईला चार वर्षांपूर्वी पॉलिसायथेमिया व्हेराचे निदान झाले. अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त तांबड्या पेशी तयार करत असल्याने हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) ४५ टक्क्यांच्या खाली राहावे म्हणून अधूनमधून रक्त काढावे लागते, शिवाय कमी मात्रेतील ॲस्पिरिन आणि पेशींची निर्मिती आवरणारे हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. अहवाल चांगले येतात, पण थकवा हटत नाही आणि अंघोळीनंतर अंगाला अशी खाज सुटते की टॉवेल मुठीत धरून ती पाऊण तास पलंगाच्या कडेला बसून राहते. एका परिचितांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि थकव्यासाठी लोहाच्या गोळ्या आग्रहाने सुचवल्या आहेत. त्या द्याव्यात का?

वाटसरू
सावलीताई, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया सुरू करू नका. मला हाच आजार आहे आणि ही चूक माझ्या हातून झाली आहे. दोन महिन्यांत हिमॅटोक्रिट वर गेले आणि पुन्हा लागोपाठ रक्त काढावे लागले. रक्त काढल्याने शरीरातील लोह घटते आणि त्यामुळेच मज्जेचा वेग आवरला जातो, हे मला तेव्हा कोणी समजावले नव्हते. लोहाच्या कमतरतेनेही थकवा येतो हे खरे, पण त्याचा निर्णय रक्तविकारतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

मला खरा उपयोग झाला तो रोजच्या चालण्याचा आणि सौम्य योगासनांचा. त्याने रक्तातले आकडे बदलले नाहीत, पण झोप सुधारली आणि दुपारचा गळाठा कमी झाला. प्लीहा वाढलेली असेल तर पोटावर दाब येणारी आसने आणि पोटाचे मर्दन मात्र टाळा. खाजेसाठी पाणी कोमट ठेवावे, अंग न घासता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच मलम लावावे. तेवढ्याने भागले नाही, तर नॅरोबँड यूव्हीबी (ठरावीक अतिनील किरणांच्या) प्रकाशोपचाराविषयी डॉक्टरांना जरूर विचारा.

फार्मासिस्ट
जे अंगाने करायचे आणि जे पोटात घ्यायचे, त्यांना एकाच मापाने मोजू नये. जेवणातली हळद निराळी आणि अर्काची कॅप्सूल निराळी. हळदीतील कर्क्युमिन या घटकाचा जेएके-स्टॅट या, या आजारात अतिसक्रिय असणाऱ्या पेशींतील संदेशमार्गावर परिणाम होतो, असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले आहे. त्यावरून रुग्णाचा आजार आटोक्यात येतो असे म्हणता येत नाही, उलट ॲस्पिरिनच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गिंको या वनस्पतीच्या आणि लसणाच्या अर्काबाबतही हीच काळजी घ्यावी.

पुढे कधी रुक्सोलिटिनिब हे याच आजारावरचे औषध सुरू झाले, तर ते यकृतातील सीवायपी३ए४ या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) मोडते हे लक्षात असू द्या : ग्रेपफ्रूटने त्याचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, तर सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीने घटते. पर्यायी उपचाराच्या भरवशावर चालू औषध परस्पर बंद करणे सर्वांत घातक आहे, कारण या आजारात रक्ताच्या गुठळीची आगाऊ सूचना मिळेलच असे नाही.

सावली
दोघांचेही मनापासून आभार. आईने कॅप्सूल आठवडाभर आधीच घ्यायला सुरुवात केली होती, हे तिने मला आज सांगितले. त्या थांबवल्या आहेत, आणि उद्याच्या भेटीत डॉक्टरांना दाखवण्यासाठी बाटली फाइलसोबत पिशवीत ठेवली आहे.