लार्प (वेशभूषा करून, एखादं पात्र बनून प्रत्यक्ष खेळायचा खेळ) करून बघायचंय, सुरुवात कशी करू?

हॅनोव्हरकर: इथे जर्मनीत ऑफिसातला एक जण ऑगस्टमध्ये ब्रोकेलो गावी कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया या मोठ्या लार्पला जातो, तंबूत राहायचं, तलवारबाजी वगैरे, मला म्हणतोय तूही चल. कोणी केलंय का? माझं जर्मन यथातथाच आणि कॉस्च्युमवर फार खर्च नको.

रानवेडा: एकदम तिथे नको रे, हजारो लोक असतात, गांगरून जाशील. आधी जवळचा वीकेंडचा छोटा कॉन (लार्पचा मेळावा) बघ आणि एनपीसी म्हणून, म्हणजे आयोजक देतील ती पात्रं करायला जा, फी बहुतेक कमी असते आणि काय करायचं ते आयोजकच सांगतात, सकाळी ऑर्क (राक्षस) तर रात्री गावकरी 😄

मायाविनी: +१. तलवार उसनी मिळते का विचार आधी. आत फायबरचा दांडा, वर फोम नि लेटेक्स असतं, तरी डोक्यावर मारायचं नाही आणि भोसकायचं तर मुळीच नाही. पैसे घालायचेच तर चांगल्या बुटांवर घाला, रात्री ओल्या गवतातून चालावं लागतं. बाकी साधा लिननचा अंगरखा नि पट्टा पुरतो. जर्मनचं म्हणाल तर परदेशी व्यापाऱ्याचं पात्र घ्या, अडखळलात तरी खपतं

हॅनोव्हरकर: भारीच! पण मारामारी जमेल असं वाटत नाही

रानवेडा: मग वैद्य हो ना, लढाई झाली की सगळे तुलाच शोधत येतील