झाडावरचे दगडफूल हा रोग आहे का?

प्रश्न (वर्गशिक्षिका, इयत्ता आठवी, कोल्हापूर)

सप्टेंबरमध्ये आम्ही मुलांना आंबा घाटाच्या जंगलात नेले होते. झाडांच्या सालीवरचे करडे-हिरवट चट्टे पाहून एका मुलाने ‘झाडाला खरूज झाली आहे का?’ असे विचारले, तर एक मुलगी म्हणाली की हे तर आईच्या मसाल्यातले दगडफूल आहे. मी ‘ही एक बुरशी आहे’ एवढेच सांगितले, परंतु उत्तर अपुरे पडल्याची रुखरुख अजून आहे. वर्गात हा विषय पुन्हा घेताना काय सांगावे आणि काय दाखवावे?

उत्तर (वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)

बाई, आपले उत्तर चुकीचे नाही, अर्धे आहे. वर्षाची चटणी करताना आपण जे दगडफूल भाजून घालतो ते शैवाकच, आणि शैवाक म्हणजे कवकाच्या, म्हणजे बुरशीच्या, धाग्यांत वस्तीला आलेले हिरवे शैवल किंवा नीलहरित जीवाणू. शैवल उन्हात शर्करा तयार करते, तर कवक त्याला आसरा देते. १८६० च्या दशकात श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे मांडले, तेव्हा शैवाकांच्या अनेक अभ्यासकांनाच ते पटले नव्हते. मुलांना लगेच पटले नाही तर त्यात नवल नाही.

झाडातून ते अन्न शोषत नाही, म्हणून ती खरूज नव्हे. वठलेल्या फांदीवर शैवाक दाट दिसते, कारण पाने गळल्यावर तेथे उजेड पोहोचतो. लोक मात्र शैवाकामुळे फांदी वठली असे समजतात. वाण्याकडून दगडफूल आणून त्याची काळी खालची बाजू भिंगातून दाखवा. तिच्यावरचे धागे मुळे नसून केवळ चिकटून राहण्यासाठी असतात. शाळेच्या आवारातील झाडावर कोरडे शैवाक असेल तर त्यावर पाणी फवारा: वरचा थर ओला होऊन पारदर्शक होतो आणि आतले शैवल हिरवे दिसू लागते.

उत्तर (शाहूवाडी तालुक्यातील पालक)

मॅडम, अळंबी हेही कवकच; तिच्याबद्दलही मुलांशी अवश्य बोलावे. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावरची अळंबी आवडीने खातात. वाळवीच वारुळात त्या कवकाची जोपासना करते, हे मुलांना फार आवडेल. मात्र सोबत शिजवलेले चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तरच अळंबी विषारी, ही समजूत घातक आहे. घरी करता येईल अशी कोणतीही खात्रीची परीक्षा नाही. म्हणून सहलीत पाहावे, चित्र काढावे, तोंडात काही घालू नये. राधानगरी अभयारण्यात गेलात तर परवानगीशिवाय नमुना तोडूही नये.

उत्तर (विज्ञान शिक्षक)

सर, शैवाकांबद्दल आपण सांगितलेत त्यात एक भर घालतो. शैवाके धुरातल्या सल्फर डायऑक्साइड वायूला फार संवेदनशील असतात. त्यामुळे रहदारीच्या रस्त्यावरील आणि आंबा घाटातील झाडांच्या सालीवर एकाच मापाची चौकट धरून शैवाकांचे प्रकार मोजता येतील. फरक दिसला तरी तो केवळ धुराचा मानू नये, कारण घाटातला पाऊस व धुके शहरात नाही. झाडाची जात आणि सालीचा खडबडीतपणाही शक्यतो सारखा निवडावा.