त्रिमूर्तीनगरचं घर आणि चित्रात नसलेला कूलर

विषय: नागपूरच्या घराचं इंटिरियर, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या ईमेल यादीवर तिळगुळाच्या डब्यांची चर्चा चालू असताना मध्येच हा विषय घुसडतेय, माफ करा. नागपुरात त्रिमूर्तीनगरला आईबाबांचं बैठं घर आहे. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. डिसेंबरात आम्ही तीन आठवडे जाऊन आलो आणि ठरवलं की आता घर नीट करून घ्यायचंच. एका डिझायनरला काम दिलंय. तो व्हॉट्सअॅपवर थ्रीडी चित्रं पाठवतो, आणि चित्रं खरंच देखणी आहेत. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत काच, सगळीकडे फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, आईच्या खोलीत भिंतभर कपाट, एक भिंत गडद राखाडी.

अडचण एकच. हॉलच्या खिडकीतला पत्र्याचा कूलर चित्रात कुठेच नाही. डिझायनर म्हणतो, त्याने लूक जातो, एसी लावा. आई म्हणते, "कूलर काढला तर मी उन्हाळाभर मावशीकडे राहीन." बाबा काहीच बोलत नाहीत, म्हणजे ते आईच्या बाजूने आहेत.

काम मार्चच्या आत संपवायचंय. अलीकडे कोणी नागपुरात घराचं काम करून घेतलंय का?

त्रिमूर्तीनगरची लेक, सध्या टोरांटो

———

विषय: पुन: नागपूरच्या घराचं इंटिरियर, सल्ला हवा

दोन खोल्यांना दोन एसी, हॉलला एक. विषय संपला. कूलरचा तो घरघराट आणि ओल्या गवताचा वास, पाहुण्याला झोप लागत नाही. स्वानुभव.

(मी पुण्याचा. त्यामुळे उन्हाळ्याबद्दलच्या माझ्या मताला बेताचीच किंमत द्यावी.)

———

विषय: पुन: पुन: नागपूरच्या घराचं इंटिरियर, सल्ला हवा

> डिझायनर म्हणतो, त्याने लूक जातो, एसी लावा.

बेटा,

मंडळाची खजिनदारी सोडून मला नागपुरात परत येऊन सहा वर्षं झाली. यादीतून नाव काढायचं राहून गेलं ते बरंच झालं म्हणायचं. पहिल्या वर्षी मीही अगदी हेच करून बसलो होतो: सगळीकडे सरकत्या काचा, कूलर भंगारात, तीन एसी. मे महिन्यात एका दुपारी गल्लीतली डीपी (विजेची पेटी) उडाली आणि साडेतीन तास लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर एसी काही चालेना. एरवी त्याच इन्व्हर्टरवर छोटा कूलर आरामात चालला असता. आम्ही दोघं ओले टॉवेल डोक्यावर घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसलो होतो. हिचं त्या दिवशीचं बोलणं मी इथे लिहीत नाही.

तुम्ही घर डिसेंबरात पाहिलं. डिसेंबरात नागपूर म्हणजे काय बोलायचं काम आहे! अंगणात ऊन खात संत्री सोलायची, रात्री दुलई. तेव्हा कोणतंही घर चांगलंच दिसतं. आईबाबा मात्र त्या घरात मेमध्ये राहतात, पारा ४५च्या वर असताना. चित्र काढणाऱ्याने तो महिना पाहिलेला दिसत नाही, किंवा पाहूनही विसरून राहिला आहे.

आधी ऊन समजून घे, सोफा नंतर. नागपूर २१ अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही तेव्हाच सुरू होतो. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही, तिथे दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. हिवाळ्यात तेच ऊन तिरपं होऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं. म्हणजे काच लावायचीच असेल तर दक्षिणेला लाव.

पश्चिम वेगळी. चार वाजल्यापासून पावणेसातपर्यंत ऊन आडवं येतं, छज्जा कितीही रुंद असो, त्याच्या खालून येतं. तिथे छतापर्यंत काच लावली की हॉलचा तंदूर झालाच म्हणून समज. पडदे लावू म्हणशील. आतला पडदा डोळ्यांना आराम देतो, पण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं. अडवायचं ते बाहेर. बांबूची चिक, खसाची ताटी, वर हिरवी जाळी, नाहीतर दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर एखादी दाट वेल. आमच्याकडे पश्चिमेच्या एकाच खिडकीला बाहेरून चिक लावली. दुपारी आतून काचेला हात लावला की आधी चटका बसायचा, आता हात ठेवून उभा राहता येतं. गडद राखाडी भिंतही पश्चिमेची नको, निदान बाहेरून तर नकोच.

मग स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री अकराला सगळं आपल्या अंगावर ओततो. गच्चीला दर वर्षी मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात मार, चुन्यात थोडा फेव्हिकॉल टाकला की तो लवकर पुसला जात नाही. खर्च करायचा असेल तर चिनी मातीच्या फरशीचे पांढरे तुकडे बसवून घे, त्यावर मग वर्षानुवर्षं फक्त झाडू. फॉल्स सीलिंगने थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण दहा फुटांचं छत नऊवर आणून त्यात पंखा लटकवला की तो डोक्यावर येतो, आणि मच्छरदाणीचे दोर बांधायला जागा राहत नाही. बाबा अजून मच्छरदाणीत झोपतात ना? त्यांनाही विचार, ते सांगणार नाहीत.

आता कूलर. मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. पाणी त्या हवेत उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच ते यंत्र करतं. पण एक गोष्ट डिझायनरांना कोणी शिकवत नाही: कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायला वाट पाहिजे. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोली तासाभरात चिकट होते, आणि मग लोक म्हणतात, कूलर काही कामाचा नाही. समोरच्या भिंतीची खिडकी अर्धी उघडी ठेव. तिथला पडदा गजांना चिकटून बाहेर ओढला जात असेल तर वाट नीट आहे.

म्हणजे नकाशातच ठरवायचं की कूलर या भिंतीला आणि हवा त्या भिंतीतून बाहेर. मधे उंच कपाट नाही, टीव्हीची पार्टिशन नाही. कूलर सावलीच्या बाजूला, उत्तरेला मिळाली तर उत्तमच, बाहेर लोखंडी स्टँडवर. खिडकीचा खालचा भाग वेगळा करून घ्यायचा, हिवाळ्यात तिथे फळीचं झाकण बसतं. तुझ्या डिझायनरला हवा असलेला लूक त्या झाकणावर काढू दे.

पुणेकर भाऊ म्हणतात ते अगदीच चूक नाही. जुलै ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा कूलर नुसता ओला वारा मारतो. एका झोपायच्या खोलीत एसी असू दे, तिची खिडकी मात्र घट्ट लागणारी हवी. एकाच खोलीत दोन्ही एकदम चालवायचे नाहीत, एकाला खोली बंद लागते, दुसऱ्याला उघडी.

माजी खजिनदार, मुक्काम प्रतापनगर

———

विषय: पुन: पुन: पुन: नागपूरच्या घराचं इंटिरियर, सल्ला हवा

काकांनी हवेचं सांगितलं, मी लाकडाचं सांगते. माझ्या सासूबाईंच्या खोलीत आम्ही अशीच भिंतभर वॉर्डरोब करून घेतली. चकचकीत, पांढरी, आत पार्टिकल बोर्ड. कूलर बरोबर समोर. पहिला उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला आणि खालच्या कडा पावासारख्या फुगल्या. दारं लागेनात. पाठीमागच्या फळीवर काळी बुरशी, आणि तिथेच सासूबाईंच्या रेशमी करवतकाठी साड्या. दुकानदाराने हात वर केले, गॅरंटीत पाण्याचं नुकसान बसत नाही म्हणे.

प्लायवूडवरचा शिक्का स्वतः वाच, निदान बाबांना त्याचा फोटो काढून पाठवायला सांग. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात. एमआर म्हणजे ओल थोडीफार सोसणारं, बीडब्ल्यूआर त्याहून बरंच टिकाऊ. आयएस ७१० म्हणजे मरीन. कूलरच्या खोलीत बीडब्ल्यूआर, सिंकखाली मरीन, कोरड्या खोलीत एमआर चालतं. सगळीकडे मरीन लावू म्हणणारा पैसे काढतोय, आणि सगळीकडे एमआर लावणारा पैसे वाचवतोय, तुझे नाही, स्वतःचे. कडांना, अगदी खालच्या कडेलासुद्धा, पट्टी लावली का ते बघ, पाणी तिथूनच चढतं. कपाट भिंतीपासून बोटभर पुढे आणि जमिनीपासून चार इंच उंच पायांवर असू दे. वाळवी आली तर वाकून दिसायला हवी ना.

लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये सुताराला सोबत घेऊन जाणारं कोणी मिळालं तर उत्तम. जुनी सागवानी चौकट असेल तर काढू नको. आमच्याकडे मिस्त्री फुकटात न्यायला तयार होता, त्यावरूनच समजलं.

बाथरूमबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस! आईबाबा सत्तरीचे असतील. खरखरीत टाइल, कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायला दांडी, उंबरा नको, दार बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. दांडीसाठी भिंतीत आधीच भरीव जागा ठेवावी लागते, नुसत्या टाइलवर स्क्रू मारलेली दांडी नको तेव्हा हातात येते.

मूळची महालची

———

विषय: पुन: पुन: पुन: पुन: नागपूरच्या घराचं इंटिरियर, सल्ला हवा

यादीवर नम्र सूचना: विषय आवडला, पण तिळगुळाचे डबे किती हे अजून सतरा घरांनी कळवलेलं नाही.

———

विषय: नागपूरचं घर, (तिळगूळ: आमचे दोन डबे)

काका, ताई,

काल आईशी बोलले. काच दक्षिणेला, पश्चिमेला आहे तीच खिडकी आणि बाहेरून चिक, असं म्हणताच ती म्हणाली, "मी हेच तर सांगून राहिले होते, पण तुला चित्रात दाखवता नाही आलं." बाथरूमचं दार मी विसरलेच होते. फॉल्स सीलिंग आता फक्त हॉलच्या कडेने. डिझायनर थोडा रुसलाय.

दोन गोष्टी राहिल्या. एक, आईची करवतकाठी साडी आहे, नेसण्यासारखी राहिलेली नाही. तिचा हॉलला पडदा करावा म्हणते. दुसरी जरा काळजीची. बाबा बोलता बोलता म्हणाले की कूलरमध्ये पाणी भरताना आईला दोनदा झिणझिण्या आल्या. "थोडा करंट मारतो, आम्ही चप्पल घालून भरतो." हे नॉर्मल आहे का?

———

विषय: पुन: नागपूरचं घर

> थोडा करंट मारतो, आम्ही चप्पल घालून भरतो.

हे मुळीच नॉर्मल नाही. फोन उचल आणि आजच्या आज तो कूलर बंद करायला सांग, प्लग काढून. दर उन्हाळ्यात पेपरात अशी एखादी बातमी असतेच. पत्र्याची बॉडी, पाण्यातला पंप, ओले हात, ओली फरशी. पंपाची वायर कुठेतरी सोलली असेल आणि अर्थिंग नसेल. बाबांच्या घरातल्या सॉकेटला तीन भोकं आहेत, पण जुन्या घरांत तिसऱ्या भोकाला मागून तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती आधी तपासून घे, गरज पडली तर नवीन अर्थिंगचा खड्डा कर. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. करंट जमिनीकडे गळायला लागला की तो लाइन तोडतो. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबायचं काम बाबांना देऊन टाक. आणि पाणी भरायचं ते नेहमी प्लग काढूनच, आरसीसीबी असला तरी.

लपवलेल्या दिव्यांचे पैसे इथे लाव. डिझायनरला वाईट वाटेल, वाटू दे.

साडीचा पडदा पश्चिमेला लावू नकोस, उन्हात रेशीम विरतं आणि रंगही उतरतो. कूलरच्या वाऱ्यातही नको. आतल्या दारावर, हॉल आणि देवघराच्या मधे बरा दिसेल. मागे सुती अस्तर लाव, सगळा ताण त्याच्यावर जाईल. अस्तराचं कापड गांधीबागेत बघ.

माजी खजिनदार

———

विषय: पुन: पुन: नागपूरचं घर

प्लग काढला. बाबांनी फोटो पाठवला: प्लग टेबलावर, शेजारी त्यांचा चष्मा. इलेक्ट्रिशियन परवा येतोय.

शेवटचं विचारते. आई रोज सहा-सात बादल्या उचलून भरते. नळच कूलरपर्यंत आणता येईल का?

———

विषय: पुन: पुन: पुन: नागपूरचं घर

येतो की. गच्चीवरच्या टाकीतून अर्ध्या इंचाची लाइन खाली आणायची, कूलरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह बसवायचा, पाणी कमी झालं की आपोआप भरतं. लाइनला हाताशी येईल असा एक कॉक ठेव, म्हणजे उन्हाळा संपला की बंद करता येते. टाकीच्या तळाला सांडपाण्याची तोटी हवीच, आठवड्यातून एकदा सगळं पाणी सोडून टाकी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात. बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो, तोही अशाने कमी होतो.

फक्त मिस्त्रीला आत्ताच सांग. भिंतीला एकदा टाइल लागली की तोच मिस्त्री म्हणतो, "आता नाही होत जी."