लिव्हिंग विल (बरं व्हायची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद) केलंय का कोणी? सल्ला हवाय

आईचं वय ७८, तशी ठणठणीत आहे, पण मावशी शेवटी अठरा दिवस व्हेंटिलेटरवर होती ते बघितल्यापासून एकच धोशा लावलाय, "मला नळ्या लावून ठेवायचं नाही, आत्ताच लिहून घे." दादा म्हणतो असलं अभद्र काही लिहायचं नाही. मी मधल्यामधे अडकलेय. वकील लागतोच का? कोर्टात जावं लागतं असं ऐकलेलं. आणि नेमकं लिहायचं काय?

निवांत:
कोर्टाची भानगड गेली आता. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोण त्या वाटेला जातंय, मग जानेवारी २०२३ मध्ये नियम सोपे केले. आता दोन साक्षीदार (शक्यतो घरातले नकोत) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बास. वकील सक्तीचा नाही. एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची.

खारूताई:
बाबांचं केलंय आम्ही. पहिल्या ड्राफ्टमध्ये "विनाकारण उपचार नकोत" एवढंच होतं, डॉक्टरांनी वाचून विचारलं, विनाकारण म्हणजे? उद्या न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक पण नको का? आम्ही गप्प. मग परत बसून लिहिलं, बरं व्हायची आशाच नसेल तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, छाती दाबून हृदय सुरू करणं नको, पण दुखणं कमी करायची औषधं शेवटपर्यंत द्या. या शेवटच्या ओळीखाली बाबांनी स्वतः पेनने दोनदा रेघ मारली.
आणि आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं घालायची असतात, एकापेक्षा जास्त चालतात. इथे नातं बघू नका, आयसीयूच्या दारात कोण पाय रोवून उभं राहील ते बघा. माझा भाऊ फार हळवा म्हणून त्याचं नाव मुद्दाम नाही घातलं, आधी रुसला, मग म्हणाला सुटलो बाई.

निवांत:
दादाला हेही सांगा की कागद दाखवला आणि मशीन बंद केलं असं होत नाही. पेशंट स्वतः सांगायच्या स्थितीत नसेल तरच कागद बाहेर येतो. मग किमान तीन-तीन डॉक्टरांची दोन बोर्डं बघतात, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, वर नेमलेल्या माणसांची संमती लागते, आणि अंमल करायच्या आधी हॉस्पिटल मॅजिस्ट्रेटला कळवतं. शिवाय आईंचं मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

धागाकर्ती:
थँक्यू दोघांना __/\__ दादाला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग हळूच विचारलं, माझं नाव घालणार का? आईला विचारलं तर म्हणाली, आधी त्याला म्हणावं इंजेक्शनची सुई बघून डोळे मिटायचं बंद कर.